एम. पी. टी. आचार्य : एका विस्मृत अराज्यवाद्याचे जीवन आणि विचार

‘अराजक’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. परीक्षेच्या दिवशी बैठक क्रमांकांचा घोळ झाला किंवा बाजार समितीत तुरीच्या गाड्यांची रांग मोडली, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील मथळा ठरलेला असतो. राजा नाही म्हणजे गोंधळ आहे, हे समीकरण आपल्या भाषेतच रुजलेले आहे. त्यामुळे राज्यसंस्थेवाचूनही समाज नीट चालू शकेल, किंबहुना अधिक नीट चालेल, असे मानणारी एक गंभीर विचारसरणी जगात आहे हे सांगितले तर ऐकणारा प्रथम हसतो. या विचारसरणीला राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘अराज्यवाद’ असे वेगळे नाव दिलेले आहे. प्रूधाँ, बाकुनिन, क्रोपोटकिन ही नावे पाठ करून आपण ‘टीपा लिहा’ या प्रश्नाखाली तिची बोळवण करतो आणि हे सारे युरोपातले प्रकरण आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत करून घेतो.

ही समजूत खरी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आशियातही हा विचार जोमाने आला होता. १९०७ साली टोकियोत ल्यू शिपेइ आणि त्यांच्या पत्नी ह चन हे चिनी दांपत्य अराज्यवादी पत्र चालवीत होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये चिनी विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या एका गटाने ‘नवे शतक’ या अर्थाच्या नावाचे नियतकालिक सुरू केले. या सर्वांत अधिक लक्षात राहणारा माणूस म्हणजे शिफू. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे. भारतात या विचाराला आयुष्य वाहिलेला जो माणूस झाला, त्याने आपल्या जीवनाची शेवटची एकोणीस वर्षे आपल्या मुंबईत काढली. मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य हे त्यांचे पूर्ण नाव. प्रस्तुत लेखात त्यांचा परिचय करून देण्याचा आणि त्यांचा विचार आपल्या जिल्ह्यातल्या अनुभवावर घासून पाहण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिटिश सरकार हिंदी क्रांतिकारकांना सरसकट ‘अनार्किस्ट’ म्हणत असे. ज्याला आपण रौलेट कायदा म्हणून ओळखतो त्या १९१९ च्या कायद्याच्या अधिकृत नावातही ‘अराजकी व क्रांतिकारी गुन्हे’ असेच शब्द होते. पण बाँब करणारे बहुतेक तरुण अराज्यवादी मुळीच नव्हते. त्यांना राज्य नकोसे नव्हते, ते आपले हवे होते. सेनापती बापटांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळविली, पण म्हणून ते बाकुनिनचे शिष्य ठरत नाहीत. आचार्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी या मार्गानेच सुरुवात केली आणि सरकारने दिलेली ही शिवी पुढे स्वतःचे नाव म्हणून, अर्थ समजून, स्वीकारली. गंमत अशी की ते खरोखरीचे अराज्यवादी झाले तेव्हा त्यांच्या हातात पिस्तूलही नव्हते आणि बाँबही नव्हता.

आचार्यांचा जन्म मद्रासचा, १८८७ सालचा. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती ज्या ‘इंडिया’ पत्राचे संपादन करीत, त्या पत्राच्या कामात ते तरुणपणीच पडले. १९०८ साली, म्हणजे इकडे लोकमान्य टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षी, तिकडे ‘इंडिया’वरही सरकारची वक्रदृष्टी झाली आणि पत्राचे बिऱ्हाड फ्रेंचांच्या पाँडिचेरीत हलवावे लागले. तेथेही आपल्याला फार दिवस निर्धास्त राहता येणार नाही हे ओळखून आचार्य त्याच वर्षअखेरीस कोलंबोहून बोटीने युरोपला निघाले. तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. हिंदुस्थानच्या भूमीवर त्यांचे पाऊल पुन्हा पडले ते सत्तावीस वर्षांनी.

लंडनला ते ‘इंडिया हाऊस’मध्ये सावरकर, व्ही. व्ही. एस. अय्यर यांच्या मंडळींत राहिले. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीचा वध केला आणि त्या घरावर पोलिसांचा गराडा पडला. त्यानंतर आचार्य आणि सुखसागर दत्त या दोघांनी जे केले ते आज वाचताना भोळेपणाचे वाटते, पण त्या पिढीची तळमळ त्यातून दिसते. मोरोक्कोत रीफ टोळ्या स्पेनविरुद्ध लढत होत्या. त्यांच्या बाजूने लढून युद्धाचे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे म्हणून हे दोघे तिकडे निघाले! तो बेत सिद्धीस गेला नाही. पुढे पॅरिसमध्ये मादाम कामा, बर्लिन, कॉन्स्टँटिनोपल, अमेरिका, गदर पक्ष अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते पुन्हा बर्लिनला आले. ब्रिटिशांचा शत्रू तो आपला मित्र, या न्यायाने जर्मन सरकारच्या मदतीने स्थापन झालेल्या हिंदी समितीत ते होते, आणि पश्चिम आशियातल्या हिंदी सैनिकांत ब्रिटिशविरोधी प्रचार करण्याच्या मोहिमेतही त्यांनी भाग घेतला. १९१७ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर ते स्टॉकहोमला गेले आणि तेथून त्यांचे लक्ष रशियाकडे लागले.

१९१९ साली राजा महेंद्र प्रताप यांच्याबरोबर गेलेल्या हिंदी मंडळींत आचार्य होते आणि त्यांनी लेनिनची भेट घेतली. त्यानंतर ते काबूलला गेले, तेथून ताश्कंदला आले. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली. हजर असलेल्या सात जणांत आचार्य होते, एवढेच नव्हे तर ते पक्षाचे अध्यक्ष होते. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नावावर संपते. रॉय हे महाराष्ट्राला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यामुळे परिचित आहेत. आचार्यांना असा अनुयायी मिळाला नाही, म्हणून ते विसरले गेले.

रॉय आणि आचार्य यांचे तीन महिनेही पटले नाही. रॉय यांचा आग्रह शिस्तबद्ध, मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सूत्रात ओवलेल्या पक्षाचा होता. आचार्य अब्दुर रब यांच्याबरोबर काबूलहून आलेल्या क्रांतिकारक मंडळींचे होते. स्वातंत्र्यासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांवर आधी कम्युनिस्ट व्हा आणि मग लढा अशी सक्ती का, हा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी १९२१ मध्ये त्यांना पक्षाच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. मला या भांडणात व्यक्तींच्या हेव्यादाव्यांपेक्षा एक तत्त्व दिसते. क्रांती लोकांची की लोकांच्या नावाने काम करणाऱ्या संघटनेची, हा वाद जगभर चालू होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्रोनश्टाट येथील नाविकांचे बंड सोव्हिएत सरकारने तोफा लावून मोडले आणि जगातील बहुतेक अराज्यवाद्यांनी रशियाकडे पाठ फिरविली. आचार्यांनी तर सर्व काही जवळून पाहिले होते.

या कथेला एक उपकथा आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. रॉय पुढे स्टालिनच्या काळात त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढले गेले. हिंदुस्थानात येऊन त्यांनी तुरुंगवास भोगला, नवा पक्ष काढला, आणि डिसेंबर १९४८ मध्ये, पक्ष ही गोष्टच लोकशाहीला घातक आहे अशा निष्कर्षाला येऊन तो पक्ष विसर्जित केला. पक्षविरहित लोकशाही, लोकसमित्या, सत्तेचे विकेंद्रीकरण हे रॉय यांचे अखेरचे विचार वाचताना, ताश्कंदला ज्याला त्यांनी दूर सारले त्याच माणसाच्या दाराशी ते सत्तावीस वर्षांनी येऊन पोहोचले असे वाटल्यावाचून राहत नाही. २५ जानेवारी १९५४ रोजी डेहराडूनला रॉय वारले. आचार्य मुंबईत वारले ते त्याच वर्षी २० मार्चला.

रशियात असतानाच आचार्यांचा विवाह माग्दा नाखमान या चित्रकर्तीशी झाला. प्रख्यात रशियन कवयित्री मरीना त्स्वेतायेवा हिचे १९१३ मधले तैलचित्र माग्दाने काढलेले आहे. १९२२ च्या अखेरीस हे जोडपे बर्लिनला आले. त्याच डिसेंबरात तेथे अराज्यवादी कामगार संघटनांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला आचार्य उपस्थित होते, आणि येथून ते उघडपणे अराज्यवादी झाले. रुडॉल्फ रॉकर, अलेक्झांडर बर्कमन यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. न्यू यॉर्क, पॅरिस, बर्लिन येथल्या छोट्या छोट्या पत्रांतून ते लिहीत, आणि अराज्यवादी वाङ्मय हिंदुस्थानात पाठवीत. ब्रिटिश सरकार ते वाङ्मय अडवी, ते पुन्हा पाठवीत. उत्पन्नाचे साधन म्हणजे पतीचे लेख आणि पत्नीची चित्रे. यावरून घरातली परिस्थिती काय असेल याची कल्पना यावी.

हिटलर सत्तेवर आल्यावर काळ्या कातडीच्या, डाव्या विचाराच्या माणसाला बर्लिनमध्ये राहणे शक्यच नव्हते. स्वित्झर्लंड, पॅरिस असे करीत ते १९३५ साली मुंबईस उतरले. माग्दा त्यांच्यामागून आल्या. येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी असे मला वाटते. इंग्लंड, फ्रान्स, तुर्कस्तान, जर्मनी, अमेरिका, अफगाणिस्तान, रशिया एवढ्या सरकारांशी या माणसाचा संबंध आला. कोणी पोलीस मागे लावले, कोणी पैसे दिले, कोणी हद्दपार केले. सीमेवरच्या प्रत्येक कचेरीत त्याला कागद विचारला गेला आणि बहुतेक वेळा तो कागद त्याच्याजवळ नव्हता. राज्यसंस्थेविषयीचे त्याचे मत ग्रंथालयात बसून बनलेले नव्हते हे यावरून स्पष्ट होते.

मुंबईत ते वाळकेश्वरला राहत. १९३७ साली त्यांच्या क्रांतिकारक जीवनाच्या आठवणी क्रमशः प्रसिद्ध झाल्या त्या पुण्याच्या ‘मराठा’ या, टिळकांनी स्थापन केलेल्या, इंग्रजी पत्रात. म्हणजे मद्रासच्या या माणसाची कहाणी प्रथम छापण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. (मराठीत मात्र तिचा वाजवी परिचय कोणी करून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.) त्या आठवणींचे पुस्तक १९९१ साली निघाले, आणि ओले बर्क लाउर्सन या युरोपीय अभ्यासकाने आचार्यांचे विखुरलेले लेख २०१९ साली एकत्र छापले, २०२३ साली चरित्रही लिहिले. मुंबईत आचार्यांना आधार मिळाला तो रणछोडदास भवान लोटवाला या पिठाच्या गिरणीच्या मालकाचा. डांगे यांचे १९२१ चे ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे पुस्तक वाचून त्या तरुणाला ग्रंथ आणि पैसा पुरविणारे ते हेच लोटवाला. पुढे ते स्वतः अराज्यवादाकडे झुकले आणि त्यांच्या समाजशास्त्रविषयक संस्थेचे नाव व धोरण बदलून ती अराज्यवादी समाजवादाच्या प्रचारास लागली. भांडवलदाराच्या पैशाने भांडवलशाहीविरोधी संस्था चालावी यात विसंगती आहे खरी, पण आपल्याकडे बहुतेक चळवळींचा हिशेब तपासला तर असेच काहीसे निघेल.

आता विचारांकडे वळतो.

आचार्यांचा मुख्य मुद्दा साध्या भाषेत असा मांडता येईल. शेतात किंवा गिरणीत राबणारा माणूस आपल्या श्रमाच्या साधनांचा धनी नाही. तो मजुरीवर जगतो. आता त्याचा मालक बदलला, गोऱ्याच्या जागी काळा आला, किंवा शेठजीच्या जागी सरकार आले, तर मजुराचे मजूरपण जाते काय? आचार्यांचे उत्तर होते, नाही. उलट सरकार हाच एकमेव मालक झाला तर मजुराला नोकरी सोडून दुसऱ्या दारी जाण्याची जी थोडी मोकळीक असते तीही जाते. रशियात जे झाले त्याला ते समाजवाद म्हणत नसत, सरकारी भांडवलशाही म्हणत. आणि हिंदुस्थानला मिळू घातलेल्या स्वराज्याविषयीही त्यांना हीच भीती होती. ज्या खुर्च्यांवर इंग्रज बसत त्याच खुर्च्या, तेच पोलीस, तेच कलेक्टर, तीच तुरुंगाची किल्ली आपल्या लोकांच्या हाती आली तर तो सत्तांतराचा समारंभ होईल, स्वातंत्र्य होणार नाही.

मग पर्याय कोणता? त्यांच्या मते गाव किंवा वस्ती हा स्वायत्त घटक असावा, तेथल्या लोकांनी उत्पादन आपल्या गरजेसाठी करावे, बाजारासाठी नव्हे, आणि अशा वस्त्यांनी खुशीने एकमेकींशी संबंध जोडावेत. येथवर क्रोपोटकिनची छाया दिसते. आचार्य त्यापुढे जाऊन मजुरीपद्धती आणि पैसाच नाहीसा व्हावा असे म्हणतात. १९४७ साली निघालेल्या त्यांच्या ‘अहिंसक अर्थशास्त्राची तत्त्वे’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तिकेत हा विचार आहे. शीर्षकातला ‘अहिंसक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हिंसा केवळ बंदुकीत नसते. जेथे एकाच्या उपाशीपणावर दुसऱ्याचा नफा उभा आहे तेथे ती रोजच्या व्यवहारात असते, आणि ती टिकविण्यासाठीच बंदूक लागते, असे त्यांचे म्हणणे होते. १९४८ साली इक्बाल सिंग आणि राजा राव यांनी संपादित केलेल्या एका संग्रहातही त्यांनी अराज्यवाद म्हणजे काय हे समजावून दिले आहे.

एकेकाळी मोरोक्कोत लढाई शिकायला निघालेला हा माणूस अहिंसेकडे कसा आला? बर्लिनमध्ये १९३० च्या सुमारास, मिठाचा सत्याग्रह चालू असताना, त्यांनी गांधीजींवर लेख लिहिले. गांधीजींची धार्मिक भाषा त्यांना मानवत नव्हती, पण सरकारशी सहकार्यच करायचे नाही, कर द्यायचा नाही, त्याच्या न्यायालयात जायचे नाही, या शस्त्राचे सामर्थ्य त्यांनी नेमके ओळखले. राज्य हे जुलमाने जेवढे चालते त्यापेक्षा प्रजेच्या सवयीने अधिक चालते. सवय सोडली की ते लटके पडते. बंदुकीने राज्य उलथले तर बंदूकवाल्यांचे नवे राज्य येते. हे त्यांनी रशियात पाहिले होते.

शिफूचे उदाहरण या ठिकाणी आठवते. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडुंग प्रांतातला हा तरुण १८८४ साली जन्मला. मांचू राजवटीच्या एका अधिकाऱ्याला मारण्यासाठी बाँब तयार करीत असताना १९०७ साली स्फोट झाला, त्याचा डावा हात गेला आणि तो दोन वर्षे तुरुंगात पडला. सुटून आल्यावर काही काळाने तो क्रोपोटकिनच्या विचाराकडे वळला. १९१२ साली, चीनमध्ये बादशाही जाऊन प्रजासत्ताक आले तेव्हा, सर्वजण नव्या सरकारात जागा शोधत असताना त्याने मित्रांसह एक मंडळ काढले. त्याचे बारा नियम होते. मांस खायचे नाही, दारू व तंबाखू घ्यायची नाही, नोकर ठेवायचा नाही, माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचे नाही, लग्न करायचे नाही, कुलनाम लावायचे नाही, सरकारी अधिकारपद घ्यायचे नाही, कायदेमंडळात जायचे नाही, राजकीय पक्षात शिरायचे नाही, सैन्यात जायचे नाही, धर्म पाळायचा नाही. कुलनाम टाकले म्हणूनच तो नुसता ‘शिफू’ राहिला. क्षयाने आजारी पडला तेव्हाही त्याने मांसाहार नाकारला, आणि १९१५ च्या मार्चमध्ये तो शांघायला वारला. वय अवघे तीस.

हे बारा नियम वाचून आपल्याला एखाद्या आश्रमाची आठवण होईल, पण त्यातला एक नियम मला सर्वांत अवघड वाटतो, तो सरकारी पदाचा. मांस-दारू सोडणारे आपल्याकडे उदंड आहेत, गळ्यात माळ घातली की झाले. परंतु आमच्या वर्गातल्या मुलामुलींना पदवीनंतर काय, असे विचारून पाहावे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरती, राज्यसेवा! बुलडाण्यात आणि खामगावात पहाटे पाचला अभ्यासिका भरतात त्या याच एका ध्येयाने. यात मी आहे, माझे मित्र आहेत, आणि याची लाज वाटण्याचे कारण नाही, कारण तीन एकर कोरडवाहूवर दोन भावांचे भागत नाही. पण आचार्य वाचताना एक गोष्ट टोचते ती ही की, आपण शासन नावाच्या यंत्राच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे एवढाच विचार करीत आलो. ते यंत्र असे का, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा कधी विचारला नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा दाखला घेऊ. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याच्या काट्यातून आणि सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याला सोडवावे हा तिचा हेतू, आणि तो प्रामाणिक होता. पण एकाधिकार याचा अर्थच असा की कापूस पिकविणाऱ्याला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. भाव बरा असे तोवर सारे सुरळीत चाले. शेजारच्या राज्यात भाव चढला की जळगाव जामोदकडचा शेतकरी आपलाच कापूस रात्री चोरून बऱ्हाणपूरकडे नेई आणि पकडला गेला तर गुन्हेगार ठरे. चुकारे लांबत, प्रतीचे दर्जे ठरविताना भांडणे होत. जवळजवळ तीन दशके चालून ती योजना बंद पडली. आचार्य १९५४ साली वारले होते, त्यांनी ही योजना पाहिली नाही, पण मालक म्हणून सरकार आले की काय होते याविषयीचे त्यांचे निदान आमच्या कापसाच्या गंजीवर येऊन उभे राहते.

परंतु दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. एकाधिकार संपल्यावर आचार्यांचे स्वायत्त गाव आले नाही, व्यापारी परत आला. आणि बहात्तरच्याच दुष्काळात सरकारने कामे काढली नसती तर देऊळगाव राजाकडच्या आमच्या गावातील अर्धी घरे ओस पडली असती. माझी आजी त्या वर्षी खडी फोडायला जाई. मिलोची भाकरी आणि सुकडी यांच्या चवीचे वर्णन ती नाक मुरडून करी, पण ‘त्यानंच जगलो’ हेही सांगे. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. हातोडा, मजुरी आणि हजेरीपट, आचार्यांना नको असलेल्या सर्व गोष्टी त्यात होत्या. त्या वर्षी गावाने आपली गरज आपण भागवावी असे कोणी आजीला सांगितले असते तर तिने काय उत्तर दिले असते ते छापण्याजोगे नाही.

याहून मोठा आक्षेप जातीचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, खेडे हा राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास नकार दिला आणि खेडे म्हणजे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर आहे असा अभिप्राय दिला. आचार्य स्वायत्त गावाची मांडणी करतात तेव्हा त्या गावात पाणवठे किती आणि कोणाचे, हा प्रश्न जेवढ्या ठळकपणे यायला हवा तेवढा मी वाचलेल्या त्यांच्या लेखांत येत नाही. राज्याचा कायदा दूर झाला तर गावात कोणाचा कायदा चालेल? ज्याच्या मागे संख्या, जमीन आणि लाठी त्याचा. गावकुसाबाहेरच्या माणसाला तहसील कचेरी हीच कित्येकदा पहिली मोकळी जागा असते, मग तेथला कारकून कितीही उर्मट असो. राज्यसंस्था ही एकच सत्ता नाही. जात ही तिच्याहून जुनी, पोलीस आणि पासपोर्ट यांवाचून चालणारी सत्ता आहे. युरोपातून आलेल्या अराज्यवादाला तिची ओळख नव्हती. माझ्या मते आचार्यांच्या विचारातली ही उणीव किरकोळ नव्हे, ती मुळाशी आहे. तरीही त्यांचे निदान त्यामुळे खोटे ठरत नाही, त्यांचा उपचार अपुरा ठरतो.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत आचार्यांना जवळचे वाटले ते गांधीजींच्या मागे राहिलेले रचनात्मक कार्यकर्ते. अखेरच्या काळात ते ‘हरिजन’ पत्रातही लिहीत. गांधीजींनंतर त्याचे संपादक असलेले किशोरलाल मशरूवाला हे आपल्या शेजारचे. त्यांचे कुटुंब अकोल्याचे आणि तरुणपणी त्यांनी तेथे वकिलीही केली होती. १९५१ साली विनोबांनी भूदान सुरू केले आणि पुढे ते ग्रामदान, शासनमुक्ती असे बोलू लागले. बर्लिनच्या अराज्यवाद्याचे आणि पवनारच्या संताचे निष्कर्ष इतके जवळ यावेत हे नवल आहे. फरक एवढाच की विनोबा माणसाच्या हृदयावर विसंबत, आचार्य हिशेबावर. जमीन दान म्हणून मिळाली तर देणारा दाता आणि घेणारा याचक राहतोच, हा प्रश्न आचार्यांच्या तर्कातून सहज निघतो.

त्यांचे स्वतःचे अखेरचे दिवस कष्टाचे गेले. क्षयाने शरीर पोखरले होते. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी माग्दा यांच्या चित्रांचे मुंबईत प्रदर्शन उघडायचे होते आणि त्याच दिवशी, उद्घाटनाच्या काही तास आधी, त्या वारल्या. त्यानंतर आचार्य तीन वर्षे एकटे जगले. भाटिया रुग्णालयात त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांनी ज्या पक्षाचे पहिले अध्यक्षपद भूषविले तो पक्ष लोकसभेत काँग्रेसच्या खालोखाल जागा मिळवून बसलेला होता.

ग्रामदानाचा विषय निघालाच आहे तर एक अलीकडची हकिकत देतो. महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४ साली झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात. आपल्या गावात आपणच सरकार, अशी त्या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. २००९ साली त्या गावाला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाले आणि बांबूचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ साली गावकऱ्यांनी त्याच कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या. आचार्यांच्या कल्पनेच्या याहून जवळ गेलेले गाव आपल्या राज्यात मला दुसरे दिसत नाही. पण ग्रामदान पुरे झाले असे सरकारदरबारी ठरायला नुसता ठराव पुरत नाही, शासनाची अधिसूचना निघावी लागते. तिच्यासाठी आणि स्वतंत्र ग्रामपंचायतीच्या दर्जासाठी मेंढ्याच्या लोकांना पुढली कित्येक वर्षे मंत्रालयाचे जिने चढावे लागले, आणि शेवटी नागपूरला उच्च न्यायालयात उभे राहावे लागले.